दाद कोणाकडे मागावी?

पावसाने झोडपले आणि नवऱ्याने मारले, तर दाद कोणाकडे मागावी, अशी म्हण आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हण ऐकून माणसे हसतात. परंतु ज्या बाईच्या तोंडून ती प्रथम निघाली असेल, ती हसत होती असे आम्हांस वाटत नाही. तिने खराच प्रश्न विचारला होता. उत्तर मिळाले नाही म्हणून त्या प्रश्नाची म्हण झाली. पावसावर फिर्याद चालत नाही हे कबूल. पण नवरा म्हणजे काही पाऊस नव्हे. ह्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. तो कोणी केला, कोणते दार केव्हा उघडले, आणि आज आमच्या सुलतानपुरासारख्या गावातल्या बाईला त्यांपैकी कोणते दार खरोखर सापडते, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

आम्ही पदवीधर नाही आणि इतिहासाचे पंडित तर नाहीच नाही. आमची उमर मजुरांच्या आणि हमालांच्या संघटनेत गेली. वाचन झाले ते एस.टी.च्या प्रवासात आणि सार्वजनिक वाचनालयांच्या कृपेने. परंतु संघटनेच्या कामात एक गोष्ट पक्की समजली. एकट्या मजुराने तक्रार केली की ती कटकट ठरते. चौघे त्याच्याबरोबर जाऊन उभे राहिले की तीच तक्रार मागणी होते. इतिहास वाचू लागलो तेव्हा घरात मार खाणाऱ्या स्त्रीलाही हाच नियम लागू पडतो असे दिसून आले. कायदा तिच्यासाठी आपण होऊन कधी आला नाही. आधी कोणी तरी तिला दार उघडले, कोणी तरी तिच्याबरोबर चालत गेले, आणि मग पुष्कळ वर्षांनी कायदा आला.

जुन्या काळी स्त्रीला घरे दोनच, सासर आणि माहेर. सासरी जाच झाला तर तिने माहेरी यावे, आणि माहेरच्यांनी चार दिवस ठेवून, साडीचोळी करून, तिला पुन्हा सासरी पोचते करावे, असा रिवाज होता. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवासाची गाऱ्हाणी पुष्कळ आहेत. पण ती जात्याजवळच राहिली, चावडीपर्यंत गेली नाहीत. शेतकरी आणि कष्टकरी जातींमध्ये काडीमोड होती, फारकत होती, पाट लावण्याची मोकळीक होती. ह्या रिवाजाचे मोल कमी लेखू नये. कारण ज्या जाती स्वतःला वरच्या म्हणवीत, त्यांच्या लेकीसुनांना एवढेही दार नव्हते. परंतु पंचायतीत बसणारे सगळे पुरुष. देण्याघेण्याचे काय, खर्च कोणाचा, मुले कोणाकडे, ह्याचा खल होई. बायकोला मारणे हाच मुळी अपराध आहे असा विचार त्यात सहसा नसे.

सासर आणि माहेर ह्यांच्या पलीकडचे एक दार पुण्यात उघडले. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवणुकीने गरोदर राहिलेल्या विधवांनी तेथे यावे, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, अशी ती सोय होती. जोतीरावांनी १८८४ सालच्या डिसेंबरात सरकारसाठी लिहिलेल्या टिपणात तोवर ३५ विधवा तेथे येऊन गेल्याचे नमूद केले आहे. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. आज ज्याला आपण निवारागृह म्हणतो, त्याचा पाया येथे दिसतो. आलेल्या बाईला आधी आसरा द्यावयाचा. तिचे चुकले की नाही ह्याची चौकशी मांडून बसावयाचे नाही. हा साधा नियम पाळणे किती अवघड असते, ते आजही पुष्कळ ठिकाणी अनुभवास येते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान, आणि त्याचा अभिमान आपण दरवर्षी मिरवतो. पण ह्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका बाईचे नाव आपल्या सभांतून मानाने तितके घेतले जात नाही. त्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि सत्यशोधक विचारांचे. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे झडू लागले. ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले आणि १८८२ साली ते पुण्यात छापून निघाले. पती दारू पिवो, पैसा उधळो, लाथा मारो, बायकोने त्याला देव मानावे असे सांगणारा धर्म पुरुषाला मात्र असा काही नेम का घालीत नाही, असा त्यांचा रोकडा सवाल होता. चहूकडून टीका झाली. जोतीरावांनी १८८५ साली ‘सत्सार’ मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक लिहिल्याचे आढळत नाही, आणि हे पुस्तकही विस्मृतीत गेले, स. गं. मालशे ह्यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा कोठे ते वाचकांस मिळाले. बुलढाण्याच्या लेकीचा आवाज नव्वद वर्षे दबून राहिला. बोलणाऱ्या बाईबरोबर उभे राहणारे चार जण नसले म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही.

ताराबाईंच्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी, १८८४ साली, मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईंचा खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी वयात आल्यावर नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारीत होती, आणि नवऱ्याने तिचा ताबा मिळावा म्हणून दावा लावला होता. पहिल्या न्यायाधीशांनी १८८५ साली तिच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. १८८७ सालच्या मार्चमध्ये कोर्टाने बजावले की, महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे लागेल. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली; पुढे त्या विलायतेत जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची शुश्रूषा केली, आणि १९५५ साली त्या निवर्तल्या. नांदावयास न गेल्याबद्दल बायकोला तुरुंगात घालण्याची तरतूद मात्र १९२३ साली रद्द झाली. त्या काळी न्यायालय बाईला सासरच्या जाचातून सोडवीत तर नसेच, उलट तिला सासरी पोचते करण्याचे काम ते करीत होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, पुढे ते पुण्यास आले, आणि नंतर केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. अण्णासाहेब कर्वे ह्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू केला. ही कामे थोर आहेत. पण ही दारे मुख्यतः विधवांसाठी होती. जिचा नवरा जिवंत आहे आणि तोच मारतो आहे, तिचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. नवरा हयात असताना बाईला आसरा देणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात ढवळाढवळ करणे, अशी समजूत होती.

‘दुसऱ्याच्या घरातली ढवळाढवळ’ हे शब्द आमच्या कानाला फार ओळखीचे आहेत. गिरण्यांचे मालकही तेच म्हणत. गिरणी आमची, मजूर आमचा, त्याला किती तास राबवावे ते आम्ही पाहू. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी मजुरांची सभा भरवून मागण्या मांडल्या आणि ही समजूत हलवावयास प्रारंभ केला. त्याच लोखंड्यांच्या प्रेरणेने १८९० साली मुंबईतल्या न्हावी मंडळींनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. ज्यांच्या हातातला वस्तरा त्या रूढीला लागत होता, त्यांनीच तो खाली ठेवला. कामगार चळवळीचा हा आरंभ आहे आणि त्यात स्त्रीचा प्रश्न पहिल्यापासून आहे, हे आमच्या संघटनेतल्या पुष्कळ बांधवांना ठाऊक नसते. कारखान्याचा उंबरठा कायद्याने १८८१ साली ओलांडला. घराचा उंबरठा ओलांडावयास त्याला पुढे शंभर वर्षे लागली.

मधल्या काळात कायदे झाले नाहीत असे नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ होते. टाकलेल्या बायकोला मॅजिस्ट्रेटकडून पोटगी मिळे. तिची कमाल मर्यादा १९५५ साली महिन्याला पाचशे रुपये झाली, आणि मर्यादा म्हणून जी काही होती ती उठली २००१ साली. १९३९ च्या कायद्याने मुसलमान स्त्रीला नवऱ्याच्या क्रूरतेवरून विवाहविच्छेद मागता येऊ लागला. हिंदू स्त्रीला १९४६ साली क्रूरतेच्या कारणावरून वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क मिळाला. डॉ. आंबेडकरांचे हिंदू कोड बिल रखडले, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले त्याचे ते एक प्रमुख कारण होते. पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. पण त्यातही क्रूरतेवरून मिळे तो न्यायिक विभक्तपणा. सरळ घटस्फोट क्रूरतेच्या कारणावरून मिळू लागला तो १९७६ च्या दुरुस्तीनंतर. शिवाय ह्या सगळ्या कायद्यांत एक उणीव समान होती. बाईने घर सोडल्यानंतरचा विचार त्यांत आहे. आज रात्री मार चुकवावा कसा आणि डोक्यावरचे छप्पर राखावे कसे, ह्याचे उत्तर त्यांत नव्हते.

ते उत्तर पहिल्यांदा कायद्याच्या पुस्तकातून आले नाही, ते आले शहाद्याच्या आदिवासी वस्त्यांतून. त्या वेळच्या धुळे जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी भिल्ल शेतमजुरांना जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नावर संघटित करीत होते. १९७२ साली तेथे श्रमिक संघटना उभी राहिली. मोर्चात बाया पुढे असत, आणि बाया एकत्र बसून बोलू लागल्या तेव्हा मजुरीबरोबर दुसराही विषय निघाला. दारू पिऊन नवरे मारतात. मग बायांचे जथे गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागले. एखादीने नवरा मारतो असे सांगितले की बाकीच्या जमत आणि नवऱ्याला चारचौघांत बायकोची माफी मागावयास लावीत. प्रसंगी त्याला चोपही मिळे. चोप देण्याची पद्धत आम्ही शिफारशीने सांगत नाही. पण त्या बायांनी जी एक गोष्ट केली ती कोणत्याही न्यायालयाने तोवर केली नव्हती. घरातला मार त्यांनी घराबाहेर आणला, आणि लाज बाईच्या डोक्यावरून उतरवून मारणाऱ्याच्या डोक्यावर ठेवली.

शहरांत ही जाग थोडी उशिरा आली. चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, १९७२ साली मथुरा ह्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला होता. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९-८० साली देशभर निषेध उठला आणि मुंबईत स्त्रियांच्या नव्या संघटना उभ्या राहिल्या. १९८२ च्या जूनमध्ये पुण्यात मंजुश्री सारडा ही लग्नाला चारच महिने झालेली तरुणी मृत्युमुखी पडली. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुढे न्यायालयात पुरावा म्हणून आली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी पतीला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याला सोडले. निकालाची चर्चा कायदेपंडित करोत. आमच्या मनात राहते ती गोष्ट ही की, दुःख लिहिणारी मुलगी होती, वाचणारी माणसे होती, आणि तरी तिच्यापर्यंत वेळेवर कोणी पोचू शकले नाही. विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी त्या सुमारास पुण्यात नारी समता मंच स्थापन केला आणि ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन महाराष्ट्रभर फिरवले. प्रदर्शन पाहावयास आलेल्या बाया आपली स्वतःची हकिगत सांगू लागल्या, तेव्हा नुसत्या प्रदर्शनाने भागणार नाही, ऐकून घेण्याची कायमची जागा पाहिजे, हे कार्यकर्त्यांच्या ध्यानात आले.

१९८३ च्या अखेरीस भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ ह्या क्रमांकांनी आहे. १९८४ साली मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्था ह्यांनी मिळून एक छोटा पण दूरदृष्टीचा प्रयोग केला. पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि तेथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवली. पोलिसाची सत्ता आणि ऐकून घेणारा कान एका छपराखाली आले. हा कक्ष पुढे राज्य सरकारने जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. २००० साली मुंबईच्या वांद्रे येथील महापालिकेच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ह्या संस्थेच्या साहाय्याने ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. मार खाल्लेली बाई ठाण्यात जावयास घाबरते, पण मलमपट्टीला दवाखान्यात येतेच, ह्या साध्या निरीक्षणावर ते उभे आहे.

खेड्यांतही काम झाले. शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरवले, आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पुष्कळ शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. जिच्या नावाचा सातबारा आहे तिला घराबाहेर हाकलणे तितके सोपे नसते, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. ‘टाकलेली’ म्हणून जिला गाव ओळखते, तिने व्यासपीठावर उभे राहून हक्क मागितला.

एवढ्या खटपटींनंतर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा झाला, आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. हा कायदा नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याच्याविषयी अज्ञान फार आहे. पुष्कळ बाया म्हणतात, नवऱ्याला तुरुंगात नाही घालावयाचे, फक्त मार थांबावा आणि राहावयास जागा असावी. त्यांच्यासाठीच हा कायदा आहे. तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. बायकोबरोबरच आई, बहीण, विधवा भावजय आणि लग्नासारख्या संबंधात राहणारी स्त्री ह्यांनाही लागू आहे. मारहाण, लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ व मानसिक छळ, आणि पैसाअडका अडवून ठेवणे, हे चारही प्रकार त्यात येतात. मॅजिस्ट्रेट नवऱ्याला मारू नकोस, तिच्याजवळ जाऊ नकोस असा हुकूम देऊ शकतो. घर तिच्या नावाचे नसले तरी तिला तेथून काढू नये असा हुकूम देऊ शकतो. खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा, नुकसानभरपाईचाही देऊ शकतो. निकड असेल तर समोरच्याची वाट न पाहता तात्पुरता हुकूम मिळतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत पडावी असे कायदा सांगतो. संरक्षण हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाई माहेरी किंवा आणखी कोठे तात्पुरती राहत असेल तर तेथल्या न्यायालयातही अर्ज चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली क्रूरतेच्या फौजदारी तक्रारीलाही हेच तत्त्व लावले, आणि २०२० साली सासू-सासऱ्यांच्या नावाच्या घरातही सुनेला राहण्याचा हक्क मागता येतो असे सांगितले.

मग एवढे सगळे असताना म्हण अजून का टिकून आहे? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौघींत एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. देशभरात हिंसा सोसलेल्या शंभर स्त्रियांपैकी अवघ्या चौदा जणींनी कोणाकडे मदत मागितली होती. आणि मागणाऱ्यांपैकी बहुतेकींनी ती प्रथम माहेरीच मागितली. म्हणजे कायदा दिल्लीत झाला, पण बाईची पहिली कचेरी अजून तिच्या बापाचा ओटाच आहे. त्या ओट्यावर तिला काय ऐकू येते, ह्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

सुलतानपूर हे मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावरचे, लोणार तालुक्यातले गाव. येथून बाई रागाने निघाली तर तिला एस.टी. मिळते, आणि १७ मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात मिळते. प्रश्न असतो तो कोठे उतरावयाचे हा. म्हणून आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. श्रोत्यांनी त्या घरी जाऊन सांगाव्यात; पण ज्या घरात धोका आहे तेथे मारणाऱ्याच्या देखत सांगू नयेत.

अंगावर हात पडत असेल आणि जिवाला धोका असेल तर ११२ ह्या क्रमांकावर फोन करावा, पोलीस येतात. १८१ हा स्त्रियांच्या मदतीचा क्रमांक आहे, १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ केंद्र आहे; २०१५ साली सुरू झालेल्या ह्या योजनेत तात्पुरता आसरा, औषधोपचार, पोलीस आणि वकील ह्यांची मदत एका जागी मिळते. महिला व बालविकास खात्याचा संरक्षण अधिकारी असतो; त्याच्याकडे हकिगत सांगितली की तो घटना अहवाल तयार करून न्यायालयाकडे पाठवतो, त्याला पैसे पडत नाहीत. गुन्हा कोठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र तक्रार जवळच्या ठाण्याने नोंदवून घ्यावी आणि तिची प्रत मोफत द्यावी असा नियम आहे.

दवाखान्यात गेल्यावर ‘पाय घसरून पडले’ असे सांगू नये. खरे कारण केसपेपरवर लिहून घ्यावे. तो कागद पुढे साक्षीदाराचे काम करतो. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, मुलांचे जन्मदाखले ह्यांच्या नकला आणि थोडे पैसे विश्वासाच्या शेजारणीकडे आधीच ठेवावेत. गळा दाबणे, जाळण्याची धमकी, गरोदरपणी मारणे, हातात हत्यार घेणे, ही साधी भांडणे नव्हेत. ही जीव जाण्यापूर्वीची लक्षणे आहेत. आणि बाई घर सोडते तो काळ सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून ‘मी निघाले’ असे बजावून निघू नये. दिवस ठरवून, कोणाला तरी सांगून, मुलांना बरोबर घेऊन निघावे.

तक्रार कशी करावी हे मजुराला जसे शिकवावे लागते तसेच येथेही आहे. लेखी द्यावी, तारीख घालावी, पोच घ्यावी. एका मजूर भगिनीबरोबर आम्ही एका ठाण्यात गेलो होतो. घरचे भांडण आहे, समजुतीने घ्या, म्हणून तिला परत पाठवण्याच्या बेतात होते. आम्ही आवाज चढवला नाही. तक्रार घेत नसाल तर तसे लेखी द्या, एवढेच म्हटले, आणि बरोबरच्या तीन बाया बाकावर बसून राहिल्या. तासाभराने तक्रार लिहून घेतली गेली. आदल्या आठवड्यात ती एकटी गेली होती तेव्हा कायदा हाच होता.

काही सद्गृहस्थ म्हणतात, अशा कायद्यांनी संसार मोडतात, खोट्या तक्रारी होतात. खोटी तक्रार कोणत्याही कायद्याखाली होऊ शकते. म्हणून तर चौकशी आणि न्यायालय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सरसकट अटकेला आवर घातला आहे. पण संसार तक्रारीने मोडतो हे आम्हांस मान्य नाही. संप झाला म्हणून गिरणी बिघडली, असे मालक म्हणत. गिरणी त्याआधीच बिघडलेली असे. समेट जरूर करावा, पण समेटात आधी मार थांबल्याची हमी असावी, ती लेखी असावी, आणि आठवड्याने, महिन्याने जाऊन पाहणारे कोणी तरी असावे. नुसते ‘सांभाळून घे पोरी’ म्हणून परत पाठवणे हा समेट नव्हे.

शेवटी, बंधूंनो, दोन शब्द आपणा पुरुषांशी. रात्री शेजारच्या घरातून आवाज येतो तेव्हा आपण दूरदर्शनचा आवाज वाढवतो. त्याऐवजी दार ठोठावावे. काही तरी निमित्त काढावे, विळा मागावा, पाणी मागावे. ते जमण्यासारखे नसेल तर ११२ ला फोन करावा. लेक माहेरी आली तर तिला पहिल्या दिवशी ‘परत केव्हा जाणार’ हे विचारू नये. आणि भगिनींनो, तुमच्या बचतगटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब होतो, तसा ह्याही विषयाचा होऊ द्या. अंगणवाडीच्या ताई, आशाताई, गावातल्या एक-दोन मिळवत्या बाया आणि दोन विश्वासाचे पुरुष, एवढ्यांनी ठरवले तरी पुरे. बोलावणे आले की ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात हिच्याबरोबर आम्ही जाऊ, एवढे त्यांनी ठरवावे आणि गावाला तसे कळू द्यावे. हे काम सुरू करण्यास वर्गणी लागत नाही की सरकारी मंजुरी लागत नाही. येत्या आठवड्याच्या बैठकीत हा विषय कोणी तरी काढावा, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.